रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे आजार आहेच का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका गावात मी २४ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. हा विषय बरेच दिवस मनात होता. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तिघं जण रिपोर्ट घेऊन आले आणि तिघांनीही बसता बसता विचारलं, "डॉक्टर, पॉझिटिव्ह म्हंजे आहेच न्हवं?" या प्रश्नाला मी स्वतः एकदा मनातल्या मनात 'हो' म्हणून मोठी चूक केली आहे. तिथूनच सुरुवात करतो. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०१६ चा हिवाळा. गुऱ्हाळं जोरात चालू होती. एका गुऱ्हाळावरचा जाळव्या बायकोला घेऊन आला. वय चाळिशीच्या आसपास. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वर कायलीत रस शिजतो तो गुळव्याच्या नजरेखाली आणि खाली चुलाणात चिपाडं सारत बसतो तो जाळव्या. दिवसभर आग आणि धूर. त्याची तक्रार होती, सांच्याला कणकण येते, खोकला आहे, जेवण जात नाही. किती दिवस? "झाले की पंधरा-वीस." मी विडाल, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ततपासणी, करायला सांगितली. 'ओ' १:१६०. पॉझिटिव्ह.

माझा विचार तिथेच थांबला. ताप टायफॉइडचा, खोकला धुराचा, वजन उतरलंय ते जेवण नाही म्हणून. प्रत्येक लक्षणाला वेगळं कारण मिळालं. मी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी दोघं परत आले. तपासायला टेबलावर झोपवलं तेव्हा दिसलं, लेंग्याच्या नेफ्याला चुण्यांवर चुण्या पडल्या होत्या आणि नाडीचं टोक गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. बायको म्हणाली, "डॉक्टर, मी लई घाबरलोय." थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीला, पाठवली. टीबी निघाला. मधले सगळे दिवस तो दोन लहान मुलांसह एका खोपटात झोपत होता.

विडाल आपल्या जागी बरोबर असेलही. ती रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी, मोजते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, त्याच कुळातल्या दुसऱ्या जंतूशी गाठ पडली असेल, तरी ती वर दिसू शकतात. आपल्याकडच्या पाण्यावर वाढलेल्या माणसात ती थोडीफार सापडणारच. चूक तपासणी सांगण्याच्या आधी झाली होती. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, हे ऐकल्यावर माझ्या मनात टीबीची शंका पहिल्या नंबरवर हवी होती आणि विडाल काहीही आली असती तरी त्या शंकेला तिने धक्का लागत नव्हता. तपासणी आधीच्या शंकेत भर घालते किंवा ती उतरवते. शंका किती आहे हे मी ठरवलंच नव्हतं, मग रिपोर्टची भर घालायची कशात?

तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर असाल तर आवर्जून लिहा.

राजारामपुरी८वीगल्ली

डॉक्टर, स्वतःची चूक अशी उघड लिहिलीत, मनापासून आभार. पण वाचून भीतीही वाटली. आम्ही सामान्य माणसं रिपोर्टवरच विश्वास ठेवतो. मग तपासण्या करायच्याच नाहीत का?

पंचगंगाकाठ

करायच्या, नक्की करायच्या. त्या सीबीनॅटनेच तो माणूस वाचला. माझं म्हणणं एवढंच की सुई टोचण्याआधी डॉक्टरला एक प्रश्न विचारा: "पॉझिटिव्ह आली तर काय करणार, आणि निगेटिव्ह आली तर काय करणार?" दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती तपासणी कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शाळामास्तर

मी गणित शिकवतो, म्हणून विचारतो. तपासणी '९५ टक्के अचूक' आहे असं लिहिलेलं असतं. मग पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता ९५ टक्केच झाली ना? यात चुकायला जागा कुठे आहे?

पंचगंगाकाठ

मास्तर, जागा आहे आणि तिथे मोठमोठे अडखळलेत. १९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांत डॉक्टर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मिळून ६० जणांना एक प्रश्न विचारला होता. आजार हजारात एकाला, तपासणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त जणांनी उत्तर दिलं ९५ टक्के. बरोबर उत्तर देणारे फक्त ११.

आपण ते खासबागेत बसून सोडवू. समजा, मैदानात कुस्ती बघायला १,००० माणसं बसली आहेत. त्यांतल्या एकाला तो आजार आहे. सगळ्यांची तपासणी केली. आजारी माणूस सापडला, १ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५०, तेही पॉझिटिव्ह. आता हलगी थांबवून पुकारलं, "पॉझिटिव्हवाल्यांनी आखाड्यात उतरा." ५१ माणसं उतरली. त्यांत खरा आजारी एक. म्हणजे जेमतेम २ टक्के.

आता तीच तपासणी, तेच किट, पण माणसं वेगळी घ्या. ज्यांच्या लक्षणांवरून निम्म्यांना तो आजार असेल असं वाटतं अशी १,००० माणसं. ५०० आजारी, समजा सगळे सापडले. ५०० निरोगी, त्यांतले २५ चुकून पॉझिटिव्ह. आखाड्यात ५२५, त्यांत खरे ५००. आता पॉझिटिव्हचा अर्थ ९५ टक्के झाला.

किटवर छापलेला आकडा 'आजारी माणसांपैकी किती जण पकडले' आणि 'निरोगी माणसांपैकी किती जण बरोबर सोडले' हे सांगतो. पहिली सेन्सिटिव्हिटी, दुसरी स्पेसिफिसिटी. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेल्याला मात्र उलटा प्रश्न पडलेला असतो: पॉझिटिव्ह आलोय, तर मी आजारी आहे का? त्याचं उत्तर तो कुठल्या हजारांतून उठून आलाय त्यावर ठरतं. हे गणित थॉमस बेज या माणसाचं, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापलं गेलेलं.

शाळामास्तर

समजलं. उद्या नववीच्या वर्गात फळ्यावर मैदान काढतो.

सूक्ष्मदर्शी

मी १५ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. विडालबद्दल आतली बाजू सांगते.

बहुतेक ठिकाणी आधी स्लाइडवर करतात. सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, एक थेंब, वर अँटिजेनचा, म्हणजे मेलेल्या टायफॉइड जंतूंच्या द्रावणाचा, थेंब, काडीने मिसळायचं, मिनिटभर स्लाइड हळूहळू फिरवायची आणि गुठळ्या धरतात का ते बघायचं. स्वच्छ उजेडात गुठळी आणि नुसता दाणेदारपणा यांतला फरक कळतो. संध्याकाळी सहाला, ट्यूबलाइटखाली, चाळीसावी स्लाइड हातात असताना डोळा दगा देऊ शकतो. मिनिटाऐवजी तीन मिनिटं ठेवली तर कडेने सुकून खोट्या गुठळ्या दिसतात. ट्यूबमधली पद्धत जास्त भरवशाची, पण तिला रात्र जाते आणि लोकांना रिपोर्ट तासाभरात हवा असतो.

दुसरं म्हणजे ही प्रतिपिंडं तयार व्हायलाच साधारण आठवडा लागतो. तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल करायला येणारे मी रोज बघते. त्या दिवशी निगेटिव्ह आली तर टायफॉइड नाही असं होत नाही, आणि पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा जुनीच असते. खरी किंमत आहे ती दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट चढला का हे पाहण्यात. दुसऱ्या नमुन्यासाठी १५ वर्षांत किती जण परत आले असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

डॉक्टरांना माझी एकच विनंती. चिठ्ठीवर नुसतं 'विडाल' लिहू नका. ताप कितवा दिवस आणि अँटिबायोटिक सुरू आहे का, एवढं लिहिलंत तरी आम्ही फोन करून सांगू शकतो की आज ब्लड कल्चर (रक्तातला जंतू उगवून बघायची तपासणी) पाठवा, विडालला अजून वेळ आहे.

पंचगंगाकाठ

ताई, ही विनंती मान्य, उद्यापासून लिहितो. ब्लड कल्चरबद्दल भर घालतो. टायफॉइडचा जंतू तिथे प्रत्यक्ष उगवला तर शंकेला जागा राहत नाही. पण १०० खऱ्या रुग्णांत तो साधारण ५० ते ६० जणांतच उगवतो, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर आणखी कमी. म्हणजे कल्चर पॉझिटिव्ह आलं तर खात्री, निगेटिव्ह आलं तर शंका तशीच.

निशिगंध

मी ३८ वर्षांची. घरी साखर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, रोज रंकाळ्याला पूर्ण फेरी मारते. नवऱ्याच्या कंपनीच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढतात ती) होती. 'पॉझिटिव्ह फॉर इंड्यूसिबल इस्केमिया', म्हणजे श्रम पडले की हृदयाला रक्त कमी पडतं, असा रिपोर्ट आला. त्या रात्री झोपलेल्या मुलीकडे बघत बसले होते. पुढे अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिन्या स्वच्छ. सगळे म्हणाले, देव पावला. पण वर्ष झालं, अजून जिना चढताना हात छातीकडे जातो. माझी मशीन बिघडलेली होती का?

पंचगंगाकाठ

ताई, मशीन ठीक असणार. तुमच्यासाठी आकडे मांडतो, कारण तुमच्या मनातली धाकधूक आकड्यांनीच जाईल असं मला वाटतं.

ट्रेडमिल टेस्टचे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले सरासरी आकडे असे: १०० हृदयरुग्णांत ती ६८ जणांना पकडते आणि १०० निरोगी माणसांत ७७ जणांना बरोबर सोडते. म्हणजे २३ निरोगी माणसं चुकून पॉझिटिव्ह. बायकांमध्ये चुकून पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण आणखी जास्त असतं हे जुनं निरीक्षण आहे.

तुमच्यासारख्या, छातीत कसलीही तक्रार नसलेल्या १,००० बायका घेऊ. समजा, त्यांतल्या ५० जणींना हृदयविकार आहे. तुमच्या वयात आणि तब्येतीत हा आकडाही जास्तच धरला. ५० पैकी ३४ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९५० निरोगी, त्यांतल्या २१८ पॉझिटिव्ह. एकूण २५२ जणींच्या हातात तुमच्यासारखा कागद आणि खरा आजार ३४ जणींना. म्हणजे तुमचा रिपोर्ट हातात आला त्या रात्रीही १०० पैकी ८६ शक्यता 'काही नाही' याच बाजूची होती. हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती जास्त धोक्याची आहे. ६५ वर्षांचे गृहस्थ, ४० वर्षं विडी, चढ चढला की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि बसलं की मोकळं वाटतं. अशा माणसात शंका आधीच ९० टक्के धरू. असे १,००० घ्या. ९०० हृदयरुग्णांपैकी २८८ जणांची ट्रेडमिल निगेटिव्ह येणार. १०० निरोगी लोकांत ७७ निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह कागद घेऊन आनंदाने घरी जाणाऱ्या ३६५ जणांत २८८ आजारीच. १०० पैकी ७९! असा कागद दाखवून गावाकडे शेतात परत गेलेला माणूस मी पाहिला आहे. तो पुन्हा दवाखान्यात आला नाही.

एकच मशीन. तुमच्या बाबतीत तिचं 'हो' कच्चं, त्यांच्या बाबतीत तिचं 'नाही' कच्चं. शंका अधलीमधली असते तिथे ती उपयोगी पडते. तुम्हाला लक्षणं नव्हती, जोखीम नव्हती, ती तपासणी करायचीच नव्हती. रंकाळ्याची फेरी मात्र चालू ठेवा.

निशिगंध

८६ हा आकडा वहीत लिहून ठेवला. नवऱ्यालाही वाचून दाखवला. धन्यवाद डॉक्टर.

ओपीडीनंबर१

मीही डॉक्टर आहे, शहरात. तुमचं सगळं पटतं, पण प्रत्यक्षातलं बोलू. सकाळपासून ८० पेशंट. प्रत्येकाच्या बाबतीत 'शंका किती टक्के' हे मी कुठून आणू? पेशंट स्वतःच म्हणतो, "डॉक्टर, सगळ्या टेस्ट लिहून द्या." तपासणी नाही सांगितली आणि काही निघालं तर ग्राहक मंचात मीच उभा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आपण ग्राहक कायद्याखाली आहोत हे विसरून चालत नाही. तपासणी लिहिणं हे कित्येकदा स्वतःला वाचवणं असतं, आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पंचगंगाकाठ

तुमची अडचण खरी आहे, मीही त्याच खुर्चीत बसतो. पण टक्का नेमका लागत नाही. मी तीनच कप्पे करतो: 'वाटत नाही', 'सांगता येत नाही', 'बहुतेक तेच'. केसपेपरवर तपासणीच्या नावाआधी तेवढे दोन शब्द. वेळ जातो पाच सेकंद. आणि कोर्टाचंच म्हणाल तर, का तपासलं आणि का नाही हे कागदावर लिहिलेलं असणं हाच डॉक्टरचा मोठा आधार आहे. न मागता केलेल्या दहा तपासण्यांतली एक चुकून पॉझिटिव्ह आली आणि आपण तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तर तीही उद्या आपल्याविरुद्धच उभी राहते.

पॉकर आणि कॅसिरर या दोघांनी १९८० साली एक साधी मांडणी केली होती, मला ती रोज उपयोगी पडते. शंकेच्या पट्टीवर दोन खुणा असतात. खालच्या खुणेच्या खाली असाल तर तपासू नका, औषधही देऊ नका. वरच्या खुणेच्या वर असाल तर तपासणीसाठी थांबू नका, उपचार सुरू करा. मधल्या पट्ट्यातच तपासणीने निर्णय बदलतो. खुणा कुठे आखायच्या हे औषध किती जड आणि आजार किती घातक यावर ठरतं.

कृष्णाकाठ

शिरोळ तालुक्यातून लिहितोय. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चार दिवस चिखल उपसला आणि नंतर भावाला ताप. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देत नव्हता. सातव्या दिवशी डेंग्यूची एनएस१ केली, निगेटिव्ह. घरचे म्हणाले, चला, डेंग्यू नाही. पण तिथल्या डॉक्टरांनी लेप्टोचा (पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) रिपोर्ट यायची वाट न बघता लगेच डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू केलं. तेव्हा आम्ही त्यांच्यावर रागावलो होतो, की न तपासता औषध कसं देता. आज हे वाचून त्यांची बाजू कळली.

पंचगंगाकाठ

त्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. पुराचं पाणी, चिखल, लाल डोळे, पोटऱ्यांचं दुखणं. शंका वरच्या खुणेच्या पार वर. औषध स्वस्त, फारसा त्रास न देणारं आणि उशीर झाला तर मूत्रपिंड जाऊ शकतं. लेप्टोची प्रतिपिंडं दिसायलाही पहिला आठवडा निघून जातो. थांबून काय मिळणार होतं?

एनएस१ बद्दल मात्र लक्षात ठेवा. ते डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, पहिल्या चार-पाच दिवसांत चांगलं सापडतं, मग उतरतं. पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे डेंग्यूविरुद्धची प्रतिपिंडं, बघायचं. सातव्या दिवसाचं निगेटिव्ह एनएस१ डेंग्यू नाही असं सांगूच शकत नाही. आणि हे वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या सुरू करू नका.

तालीमवाला

आमच्या तालमीत आठवड्याला एकाचा तरी पाय मुरगळतो. वस्ताद म्हणतात हळद-चुन्याचा लेप, घरचे म्हणतात एक्स-रे. या बाबतीत काय करायचं?

पंचगंगाकाठ

याला फार छान नियम आहे, १९९२ साली कॅनडातल्या ओटावात तयार झालेला. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेने, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून बघायची. दुखणं पायावर पुढे असेल तर करंगळीच्या रेषेत बाहेरचं उंचवट्याचं हाड आणि आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड, हीही दाबायची. शिवाय मुरगळल्यावर लगेच आणि तपासताना, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का ते बघायचं. यांत कुठेच हाड दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील, तर मोडलेलं असण्याची शक्यता नगण्य. एक्स-रे नको. हाड दुखलं किंवा चार पावलं पडली नाहीत तर मात्र एक्स-रे हवा, पण तेव्हाही मोडलंयच असं नाही. मोडकं हाड सहसा न चुकवणारा नियम आहे हा, म्हणून त्याचं 'नाही' पक्कं. लहान मुलांत आणि पायाला बधिरपणा असलेल्या साखरेच्या पेशंटात त्यावर विसंबू नका. दाबायचं कसं ते एकदा डॉक्टरकडून शिकून घ्या.

शाळामास्तर

पुन्हा एक शंका. हे ६८, ७७ आकडे तरी कुणी काढले? ते किती खरे?

पंचगंगाकाठ

मास्तर, हा प्रश्न आम्ही डॉक्टरही फार कमी विचारतो. आकडा कोणत्या माणसांवर काढला यावर सगळं आहे. एका बाजूला आजार अंगभर पसरलेले पेशंट आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट कॉलेजची पोरं घेतली तर कुठलीही तपासणी हुशार दिसेल. दवाखान्यात येतात ते मधले. सीबीनॅटचंच बघा. थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात अशा टीबीच्या १०० रुग्णांत ती सुमारे ९८ जणांना पकडते. जंतू दिसत नाहीत अशा रुग्णांत तोच आकडा ६७ च्या आसपास येतो. यंत्र तेच, जंतू कमी.

आणि आकडे नीट न तपासता तपासणी बाजारात आली तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच देशातलं. टीबीसाठी रक्तातली प्रतिपिंडं बघणाऱ्या टेस्ट वर्षानुवर्षं गल्लोगल्ली चालल्या. मीही लिहिल्या आहेत. सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. तोपर्यंत टीबी नसताना सहा महिने गोळ्या खाल्लेले आणि टीबी असून 'निगेटिव्ह' म्हणून घरी गेलेले, दोन्ही प्रकारचे लोक आपल्यातच होते.

ओपीडीनंबर१

त्या टेस्ट मीही लिहिल्यात. तीन कप्प्यांचं आजपासून करून बघतो, महिनाभराने इथे कळवीन.

राजारामपुरी८वीगल्ली

डॉक्टर, त्या जाळव्याचं पुढे काय झालं?

पंचगंगाकाठ

सहा महिन्यांचं औषध पुरं केलं. आशाताई दर आठवड्याला घरी जाऊन गोळ्यांची पाकिटं बघायच्या. दोन्ही मुलांची तपासणी झाली. धाकटा पाच वर्षांच्या आतला, म्हणून त्याला प्रतिबंधक गोळ्या दिल्या. माझी चूक मी दोघांना खोपटात जाऊन सांगितली. तो काही बोलला नाही, बायकोने चहा ठेवला. पुढच्या हंगामात मालकाने त्याला चुलाणावरून काढून गुळाचे रवे (ढेपा) मोजायला बसवलं. अजून तिथेच आहे.